ताईंना न विचारलेलं

रविवारी सकाळी नांदेडला माझ्या आईला पहिला फोन ताईंचा जायचा, माझा नंतर. थायलंडमधल्या एका लहान शहरात ताईंची इंग्रजी शिकवण्याची शाळा होती आणि मी तिथं शिक्षिका होते. ताई आईला आठवडाभराचं सगळं सांगायच्या. मी काय खाल्लं, सर्दी झाली तेव्हा औषध वेळेवर घेतलं का, केस कापले ते कोणाला विचारून कापले. मग मी फोन केला की आईकडं विचारायला काही उरलेलं नसायचं. "ताईंनी सांगितलं समदं," ती म्हणायची. "लई जीव लावायली गं बाई तुला."

जीव लावत होत्या हे खरंच होतं. म्हणून तर मला त्यांच्याविषयी जे वाटायचं ते कोणापाशी बोलता यायचं नाही.

ताई मूळच्या लातूरच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडं गेल्या, नवरा वारल्यावर परत न येता तिथंच राहिल्या आणि भाड्याच्या दोन खोल्यांत मुलांना इंग्रजी शिकवायला लागल्या. मी गेले तोवर शाळेची तीन मजली इमारत झाली होती. खाली ऑफिस, मध्ये वर्ग, वर त्यांचं घर आणि आम्हा शिक्षिकांच्या खोल्या. मी तेव्हा एम.ए. करून नांदेडच्या एका खासगी शाळेत शिकवत होते. एका मैत्रिणीच्या ओळखीनं ताईंशी बोलणं झालं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. थोडा वेळ इंग्रजीत प्रश्न विचारले आणि मग एकदम मराठीत म्हणाल्या, "इथं येऊन रडत बसायचं न्हाई बरं का. आपल्याकडची हायस म्हणून घ्यायलेय."

वडिलांना फार आनंद झाला. त्यांनी हदगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं, पण इंग्रजीत बोलायला त्यांना माणूस कधी भेटला नव्हता. लेक परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणार, हे ते दुधवाल्यालाही सांगत होते.

शाळेत प्रत्येक वर्गाच्या दाराला काच होती आणि काचेपलीकडं बहुतेक वेळा ताई असायच्या. हातात काही नाही, नुसत्या उभ्या. मी फळ्याकडं वळले तरी त्या पाठीमागं आहेत हे मला कळायचं. एकदा मी लहान मुलांना कपड्यांची नावं शिकवत होते. दार उघडून त्या आत आल्या आणि मुलांसमोर मला म्हणाल्या, "व्हेस्ट. ओठ दाताखाली. तू वेस्ट म्हणतेयस, ती दिशा झाली." मला तो शब्द चारदा म्हणायला लावला. मुलं माझ्याबरोबर म्हणत होती आणि खिदळत होती. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला वर बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "राग आला का? येऊ दे. गोरी बाई चुकली तर इथले आईबाप म्हणतात, ही तिची ढब आहे. आपण चुकलो की म्हणतात, हिला येत नाही. मी वीस वर्षं हे ऐकतेय."

हे खोटं नव्हतं. शाळा बघायला आलेले पालक आम्हाला पाहून विचारायचे, इंग्लंड-अमेरिकेचं कोणी नाही का? ताई हसून उत्तर द्यायच्या आणि ते गेल्यावर आमच्यावर घसरायच्या. कपडे, चप्पल, केस, फोनवर बोलतानाचा आवाज, सगळ्यावर त्यांचं लक्ष. संध्याकाळी बाहेर जायचं तर विचारून. जेवण त्यांच्याकडंच. लातूरहून कोणी ना कोणी ज्वारीचं पीठ आणायचं, त्याच्या भाकऱ्या त्या स्वतः थापायच्या आणि मी दीड भाकरीवर थांबले की ताटात दुसरी अर्धी टाकायच्या. माझं वय सत्तावीस होतं.

एका रविवारी फिलिपिन्सच्या एका शिक्षिकेबरोबर मी नदीकाठच्या बाजारात गेले. ताईंना सांगितलं की औषधाच्या दुकानात जाऊन येते. बाजारात आम्ही काही विशेष केलं नाही. रस्त्यावर बसून नूडल्स खाल्ले, दहा दुकानांत टोप्या घालून बघितल्या आणि एकही घेतली नाही. कित्येक महिन्यांत मी इतकी हसले नव्हते. परत आले तर ताई जिन्यात.

"मिळालं का औषध?"

"मिळालं."

"बाजारात औषधं कधीपासून मिळायला लागली?"

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "औषधाला म्हणून गेलीस आन् बाजार हिंडलीस म्हनं? आगं, त्या बाईच्या भरवशावर पाठवलंय तुला आम्ही. ती फिकीर करायली तर तुला जड व्हायलंय?" मी म्हणाले, आई, मी फक्त नूडल्स खाल्ले. ती म्हणाली, "मग खोटं कामून बोललीस?" खोटं बोलल्याची लाज वाटत होती आणि बोलावं लागलं याचा संताप येत होता. दोन्ही गिळून मी वर्गावर गेले.

त्यानंतर शाळेचा वार्षिक कार्यक्रम आला. तो बघूनच पालक पुढच्या वर्षीचा प्रवेश ठरवायचे, त्यामुळं त्या दिवसांत ताईंना दुसरं काही दिसत नसे. मुलांचं नाटक माझ्याकडं होतं. ससा झालेला मुलगा ऐनवेळी बोलायचा विसरत होता, झाड झालेली मुलगी स्टेजवर येताच रडत होती. घरी फोन केला की आईच उचलायची. वडिलांना द्यायला सांगितलं तर कधी ते झोपलेले असायचे, कधी बाहेर गेलेले. तिचा आवाज बसलेला होता. सर्दी म्हणाली. मी बरं म्हणून फोन ठेवत होते. दुसऱ्यांदा विचारलं नाही. डोक्यात ससा आणि झाड होतं.

कार्यक्रम छान झाला. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. संध्याकाळी ताईंनी मला वर बोलावलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. "आधी जेव," म्हणाल्या. मी हात धुऊन आले तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं.

"तुझ्या बाबांच्या छातीत दुखलं होतं. आता बरे आहेत. लातूरला दवाखान्यात आहेत, माझा भाऊ आहे जवळ. स्टेंट टाकलाय. सकाळचं तुझं तिकीट काढलंय मी."

मला आधी कळेचना. मग मी विचारलं, कधी झालं हे?

"गेल्या आठवड्यात."

"आणि तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"तुझ्या आईनं मलाच फोन केला. एकटी होती, घाबरली होती. मी म्हटलं, लातूरला आणा, भाऊ सगळं बघेल. आणि म्हटलं, लेकीला इतक्यात सांगू नका. ती इथून काय करणार? रडत बसेल."

"ते तुम्ही कोण ठरवणाऱ्या?" माझा आवाज इतका चढला की खालून कोणीतरी जिन्याच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं. "कार्यक्रम होता म्हणून नाही सांगितलं तुम्ही मला."

ताईंनी नाही म्हटलं नाही. माझ्याकडं बघत म्हणाल्या, "कार्यक्रम पण होता."

सकाळी त्याच मला विमानतळावर सोडायला आल्या. उतरताना त्यांनी माझ्या बॅगेत डबा ठेवला आणि मी तो काढून त्यांच्या सीटवर ठेवला. त्यांचा तेव्हाचा चेहरा मला अजून दिसतो.

लातूरच्या दवाखान्यात वडील उशीला टेकून बसले होते, हडकलेले पण हसरे. ताईंच्या भावाचं औषधाचं दुकान दवाखान्यासमोरच होतं. डॉक्टर ओळखीचे, त्यामुळं कुठं अडलं नव्हतं. भावाची बायको दोन्ही वेळचा डबा घेऊन यायची आणि आईला बळंच आपल्या घरी अंघोळीला न्यायची. वडील मला पहिली गोष्ट काय सांगतात, तर म्हणे, "तुझ्या मॅडमचा रोज फोन. माझ्याशी इंग्रजीत बोलतात! ऑपरेशनच्या आधी मला म्हणाल्या, सर, तुमची वाक्यरचना फार शुद्ध आहे." भीती वाटू नये म्हणून त्या त्यांना इंग्रजीत बोलतं ठेवत होत्या. हे मला तेव्हा समजलंही होतं. समजून मी आणखीनच चिडले. माझ्या बापाच्या उशाशी माझी जागा होती आणि तिथं त्या फोनवरून बसल्या होत्या.

वडील नांदेडला घरी आल्यावर मी ठरवलं, परत जायचं नाही. सत्र अर्धं राहिलं होतं, माझ्या वर्गांना दुसरं कोणी नव्हतं. ताईंना फोन करायची हिंमत झाली नाही, आवाज ऐकला तर मी परत जायला कबूल होऊन बसले असते. मेसेज लिहिला. वडिलांची तब्येत हे कारण दिलं, जे निम्मं खरं होतं. उत्तर आलं, "ठीक आहे. सामान पाठवते." महिन्याभरात लातूरला येणाऱ्या कोणाबरोबर सामान आलं. प्रत्येक कुर्ता धुऊन इस्त्री केलेला, आणि कपड्यांत वडिलांसाठी वाळवलेल्या आंब्याची पाकिटं. माझे सगळे वर्ग त्या स्वतः घेत होत्या, हे मला त्या फिलिपिन्सच्या मैत्रिणीकडून कळलं. घसा बसलाय, तरी घेतात, असं तिनं लिहिलं होतं.

आई माझ्याशी कितीतरी दिवस सरळ बोलली नाही. "ज्याच्या घरचा डबा खाऊन तुझा बाप उठला, त्याला असं करतेत व्हय?"

"तिनं माझ्यापासून लपवलं, आई."

"मी बी लपवलं. मग मला बी सोडून जा."

पुढं मी नांदेडला घराजवळ जागा घेऊन इंग्रजी बोलण्याचे वर्ग सुरू केले. भोकरकडून, हदगावकडून पोरंपोरी एसटीनं येतात. काम चांगलं चाललं. दरम्यान ताईंच्या शहरात एक मोठी शाळा उघडली, सगळे शिक्षक गोरे. ताईंच्या शाळेतले पालक एकेक करून तिकडं गेले. मी राहिले असते तर काही वेगळं झालं असतं असं नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी ताई शाळा बंद करून लातूरला भावाकडं आल्याचं आईनं सांगितलं, तेव्हा मी त्या दिवशीचे वर्ग लवकर सोडले.

वडील म्हणाले, भेटून येऊ. मग त्यांनीच सुचवलं, "तुझ्या वर्गांना माणूस लागतं ना? त्यांना विचार की. वरची खोली रिकामीच हाय." मी हो म्हणाले. आम्ही एसटीनं निघालो. अहमदपूरला बस थांबली तेव्हा त्यांनी ताईंसाठी पेरू घेतले आणि पुन्हा आठवण करून दिली, "नीट विचार. उपकार करायलोय असं वाटू देऊ नको त्यांना."

भावाच्या घरात ताई बाहेरच्या खोलीत राहत होत्या. वाळल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी आधी वडिलांची चौकशी केली, मग मला आपादमस्तक बघितलं. "जाड झालीस. बरं झालं." भावजय वाईट नव्हती, पण घर तिचं होतं. ताई चहा करायला उठल्या तर ती म्हणाली, "तुम्ही बसा हो, मी करते, तुम्ही साखर लई टाकता." ताई बसल्या. मी गच्चीवर जाऊ या म्हणाले, तर त्यांनी आधी आत जाऊन विचारलं, "जरा वर जाऊन येऊ का? काही काम नाही ना?" जिच्या जिन्यातल्या सावलीला मी दचकत होते, ती बाई वर जाण्यासाठी परवानगी मागत होती. मला बघवलं नाही.

गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांपाशी मी म्हणाले, "ताई, मी तेव्हा तसा मेसेज टाकून मोकळी झाले. तुमच्याशी बोलायला पाहिजे होतं."

"बोलली असतीस तर मी तुला सोडलं नसतं," त्या म्हणाल्या. "तुला ते माहीत होतं."

"बाबांचं मात्र तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं."

"नाही. आज पुन्हा तसं झालं तरी मी नाही सांगणार. तू इतक्या लांबून काय केलं असतंस?"

जुना राग तसाच्या तसा वर आला. त्या मिरच्या हातानं पसरत होत्या आणि मला सांगत होत्या, तुझ्या वर्गांचा फलक फोनवर बघितला, त्यात चूक आहे, मुलांना व्याकरण आधी नको, आणि किती मुलं बसवतेस एका खोलीत? माझ्या डोळ्यांसमोर माझे वर्ग आले, दाराबाहेर उभ्या असलेल्या ताई आल्या. मी म्हणाले, "खाली जाऊ या का? बाबा वाट बघत असतील."

निघताना त्यांनी वडिलांना इंग्रजीत निरोप दिला आणि वडिलांनी सावकाश, एकेक शब्द जुळवून उत्तर दिलं. बस चाकूरच्या पुढं गेल्यावर वडिलांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"विसरले विचारायचं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाले आणि खिडकीची काच ओढून घेतली. परवापासून माझी सकाळची नवी बॅच सुरू झाली आहे. शिकवायला माणूस कमी पडतो आहे. वरची खोली झाडून ठेवलेली आहे, मी अजून लातूरला फोन केलेला नाही.