उलट्या वेढ्यांची काठी

डावऱ्याचा राग म्हणजे ओल्या लाकडाची चूल. पेटायला वेळ, पण पेटली की घरभर धूर.

तर त्या दिवशी सूनबाई त्याला गोल्फच्या संग्रहालयात घेऊन गेली, ती एकदाचा सोक्षमोक्ष लावायलाच. बत्तीस वर्षं क्लबाच्या मागच्या खोलीत बसून त्यानं खेळाडूंच्या काठ्या दुरुस्त केल्या. काठी आणि तिचं लाकडी डोकं जुळतं तिथं मेण लावलेला दोरा गच्च गुंडाळायचा, हे त्याचं काम. हात डावा, म्हणून वेढे इतरांच्या उलट जायचे. मोठा चषक जिंकला ती काठी माझ्या दोऱ्याची, हे त्यानं घरात इतक्यांदा सांगितलं होतं, की सूनबाई पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायची.

तिसऱ्या दालनात, मखमलीवर, काचेच्या पेटीत ती काठी होती. डावऱ्यानं काचेला नाक टेकवलं आणि तसाच राहिला. वेढे सरळ होते.

सूनबाईनं हसू दाबलं. दुसरी असेल, म्हणाली. मग तिनं पाटी वाचली: मूळ दोरा चुकीच्या दिशेने गुंडाळलेला आढळल्याने दुरुस्त केला आहे.

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. संग्रहालयाच्या बाईंना बोलावणं गेलं. बाई शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या. पुस्तकात आहे तसंच केलंय, असं त्यांनी समजावलं.

"त्या दिवशी पुस्तक खेळलं होतं का?" डावऱ्या म्हणाला. "माझ्या हातचं एक डोकं कधी निखळलं नाही. आणि तुम्ही मला दुरुस्त करता?"

काही पुरावा असता तर, बाई म्हणाल्या. पुरावा यांनीच तर कात्रीनं कापून टाकला होता!

तोवर सूनबाई भिंतीपाशी पोचली होती. तिथं विजेत्याचा पुरुषभर उंचीचा फोटो, खांद्यावर तीच काठी. तिनं मोबाइलचा उजेड पाडून एकेक वेढा न्याहाळला. सगळे उलटे. ती वळली तेव्हा हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"बाई, इकडे या, बघा. मग पेटी उघडा आणि दोरा-मेण मागवा. माझे सासरे इथंच बसतील."

बाईंनी बघितलं. मग किल्ली काढली.

दोरा हाती आला तसं डावऱ्यानं त्याला मेण चोळलं. वेढे पडू लागले, उलटे, एकाला एक चिकटून. पाटीवर नाव काय घालू, असं बाईंनी हळूच विचारलं. डावऱ्याच्या दातांत दोरा होता. त्यानं नुसते डोळे वटारले.

"आधी ते 'चुकीच्या' खोडा," सूनबाई म्हणाली. "नाव मी सांगते."