छापील वेळेच्या आधी

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, वार रविवार. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी ओसरीवर बसून वेचणीचा कापूस निवडत होते. पांढरा एका बाजूला, पिवळा पडलेला आणि पानाचा कचरा लागलेला दुसऱ्या बाजूला. सोमवारी सकाळी गाडी येणार होती, म्हणून हे काम रात्रीच्या आत उरकायचं होतं. दिवसभराचा संकष्टीचा उपास होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चंद्रोदय आठ छत्तीसचा लिहिलेला होता, तेव्हा आठला वरणभात लावायचा, साडेआठला नैवेद्याचं ताट वाढायचं, असं माझं गणित ठरलेलं होतं. मी घड्याळावर चालणारी बाई आहे. माझ्या घरात चहासुद्धा वेळेवर होतो.

खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळीच मी देवघरापुढे उभी राहून सांगून टाकलं होतं, की गणपतीबाप्पा, हा माझा शेवटचा उपास. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हे व्रत माझ्या ओटीत घातलं. चोवीस वर्षं एकही संकष्टी मोडली नाही. राजूरच्या गणपतीला किती अंगारक्या पायी गेले त्याची मोजदाद नाही. पण दोन वर्षांपासून माझ्या सासऱ्यांना, आबांना, विसरण्याचा आजार लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो की नाही ते, आणि नुकत्याच झालेल्या दिवाळीपासून मला ओळखेनासे झाले. नवीन जालन्यातल्या डॉक्टरांनी कागदपत्रं बघून सांगितलं, "ताई, आता याला जपणं हेच औषध." म्हणजे औषध नाही. मग चोवीस वर्षं मी मागत होते ते काय होतं? घरातली माणसं धड राहू देत, एवढंच ना? ते जर होत नसेल तर नुसतं पोट कशाला मारायचं? राग नव्हता. हिशोबी माणूस जसं न चालणारं काम बंद करतो, तसं मी ते बंद करणार होते.

आबा म्हणजे आमच्या शिवारातलं चालतं पंचांग होते. गावात मनगटी घड्याळं आली नव्हती तेव्हा रात्रीचं पाणी द्यायला ते चांदण्या बघून उठत. मृगातल्या तीन चांदण्यांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात. तिकांडं कासराभर वर आलं की बारं मोडायचं, म्हणजे पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, डोक्यावर आलं की मोट सोडायची, असे त्यांचे ठोकताळे. सप्तर्षींना ते म्हातारीची बाज म्हणत. चार चांदण्या म्हणजे बाजेचे चार पाय, मागच्या तीन म्हणजे ती बाज पळवायला आलेले चोर. आजारपणात मुलाचं नाव गेलं, सुनेचं गेलं, पण आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे हे विचारलं तर न अडखळता सांगत. संकष्टीला मी कॅलेंडर बघून ताट वाढायला घेतलं की पूर्वी ते ओसरीवरून ओरडायचे, "अगं, तो मुंबईचा चंद्र लिव्हलाय! आपला त्याच्या आधी निघतो." मी म्हणायचे, "आबा, चंद्र एकच असतो." आणि पदर खोचून माझ्या वेळेलाच वाढायचे.

कापूस निवडून झाला तेव्हा सात वाजले होते. हात झटकून उठले आणि दाराकडे पाहिलं. कडी लावलेली नव्हती. ती कडी लावायचं काम माझं. कापसाचं शेवटचं गाठोडं आत घेताना दोन्ही हात भरलेले होते, दार पायानं लोटलं आणि कडी राहिली. निवडायला बसले तीही दाराकडे पाठ करून. आबांची बाज रिकामी होती, चपला नव्हत्या, खुंटीवरचा फेटाही नव्हता. घरात, गोठ्यात, मागच्या बोळात बघितलं. कुठेच नाहीत.

माझ्या नवऱ्याला फोन केला. ते हसनाबादला खत आणायला गेले होते. ते म्हणाले, "तू घाबरू नको, मी रस्त्यानं बघत येतो," आणि त्यांच्याच आवाजावरून कळलं की ते घाबरलेत. मी पळतच बाहेर पडले. शेजारच्या काकू गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्या वरून म्हणाल्या, "का गं, चंद्र निघायला अजून दीड तास हाय, आतापासून काय पळत सुटली? लई भूक लागली का?"

"काकू, आबा सापडत न्हाईत."

मग मात्र त्या कपडे तसेच टाकून खाली आल्या. पाच मिनिटांत गल्लीतली माणसं जमली. कोणी मारुतीच्या पाराकडे गेलं, कोणी शाळेकडे, पोरं मोटरसायकली घेऊन फाट्याकडे गेली. सगळे उजेडाकडे गेले, कारण म्हातारं माणूस उजेडाकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं. मी बॅटरी घेऊन मळ्याच्या वाटेनं निघाले. का, ते सांगता येत नाही. एवढंच डोक्यात होतं की त्या बाजूला दोन बिनकठड्याच्या विहिरी आहेत आणि पलीकडच्या उतारावर आमचं शेततळं आहे. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद लावलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. मागच्या वर्षी एक जवान म्हैस त्यात घसरली होती, तिला वर यायला जागा सापडली नाही. सत्तर ओलांडलेल्या माणसाला कुठली सापडणार?

गावाबाहेरच्या रिकाम्या रानात धनगरांची मेंढरं बसलेली होती. तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकरी थापत होती. मी लांबूनच विचारलं, "बाई, फेटा बांधलेले म्हातारे इकडून गेले का?"

"गेले की मघाशी," ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली. "मला इच्यारलं, चांदण्या निघाल्या का. म्हनलं, बाबा, वर बघा की, तुमच्याच डोक्यावर हायेत. तर म्हने, हितून न्हाई दिसत, गावच्या दिव्याचा उजेड हाय. अन् गेले म्होरं."

"कुठल्या बाजूला?"

तिनं पिठाचा हात पूर्वेकडे केला. मग मला नीट बघून म्हणाली, "उपास हाय का तुम्हाला? तोंड सुकलंय. भाकर देऊ का?" मी नको म्हणून पुढे निघाले. नंतर कितीतरी वेळा ती बाई आठवली. ओळख ना पाळख, आणि तिला दोन्ही गोष्टी दिसल्या होत्या, म्हातारा कुठे गेला ते आणि मी उपाशी आहे ते.

माळावर चढेपर्यंत बॅटरी पिवळी पडली आणि विझली. मी दर दहा पावलांवर हाक मारत होते, "आबा, ओ आबा!" विहिरी दोन्ही बघितल्या, फोनचा उजेड आत टाकून बघितल्या. पाणी काळं आणि शांत होतं. माळाच्या माथ्यावर उभी राहिले तेव्हा सगळं आभाळ उघडं झालं. तिकांडं पूर्वेला चांगलं वर आलेलं होतं. चोवीस वर्षांत मी रात्रीच्या आभाळाकडे चंद्र सोडून दुसऱ्या कशासाठी बघितलं नव्हतं, आणि चंद्राकडेसुद्धा ताटाच्या घाईनंच. समोर काय आहे ते काहीच दिसत नव्हतं. पलीकडचा उतार, तूर, शेततळं, सगळं एका काळ्या रंगात बुडालेलं.

तेवढ्यात फोन वाजला. नवरा धापा टाकत बोलत होता. "फाट्यावरच्या पोरांनी सांगितलं, एक फेटेवाला म्हातारा जाफराबादच्या जीपमध्ये बसला. तू तिकडं काय करून राह्यली? मागं फिर. आपल्याला गाडी घेऊन जाफराबादला जायचंय."

"पण मेंढरावाली म्हणाली, आबा इकडं आल्ते."

"अगं, ती मघाची गोष्ट. आता जीपमध्ये बसलेला दिसला म्हणतात. जल्दी ये."

त्यांचं बरोबर होतं. हाती पक्की बातमी असताना अंधारात चाचपडत बसणं शहाणपणाचं नाही. मी फोनवर वेळ बघितली. आठ सव्वीस. चंद्र उगवायला अजून दहा मिनिटं, आणि दहा मिनिटं थांबायला वेळ नव्हता. मी मनातल्या मनात म्हटलं, "गणराया, माझ्याकडून आता काही होत नाही. मी विहिरी बघितल्या, हाका मारल्या, बॅटरी संपली. पुढचं तू बघ." हे मी भक्तीनं म्हटलं असं नाही. खांद्यावरचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर देताना बाई जसं म्हणते, घे बाई आता तू, तसं म्हटलं. आणि परत फिरायला पाऊल उचललं.

वळता वळता डोळ्याच्या कोपऱ्यात पलीकडच्या उतारावर तांबडं काहीतरी दिसलं. मला वाटलं, कोणाची तरी कडब्याची गंजी पेटली. चंद्राची वेळ झालेली नव्हती, म्हणून चंद्र मनातही आला नाही. गंजी पेटली असेल तर ओरडायला हवं, माणसं बोलवायला हवीत, म्हणून मी थांबले आणि नीट बघायला लागले. तांबडं वाढलं. त्याची कड गोल झाली. आमच्या शेततळ्याच्या भरावावरून चंद्र वर येत होता, चतुर्थीचा, एका बाजूनं जरा झिजलेला, तव्यावरच्या भाकरीएवढा. आणि त्या चंद्राच्या मधोमध, काळ्या कागदातून कापून काढावं तसं, एक माणूस बसलेलं होतं. डोक्यावर फेटा.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर दचकून ते आत घसरले असते, एवढं भान राहिलं. चपला काढून हातात घेतल्या आणि तुरीतून पळत सुटले. दोन-तीनशे पावलं असतील. भरावाच्या पायथ्याशी श्वास आवरला, मागून हळूच चढले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांचे पाय आतल्या बाजूला, कागदावर सोडलेले होते. पाणी वीतभर खाली चमकत होतं. मी त्यांच्या दंडात हात अडकवला आणि दुसऱ्या हातानं भरावावरचा दगड धरला.

ते दचकले नाहीत. म्हणाले, "बस. आत्ताच आला. पुष्यात हाय आज."

"आबा, पाय वर घ्या."

त्यांनी पाय वर घेतले. मग माझ्याकडे वळून, अनोळखी बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही गावाकडं चालल्या का? मंग आमच्या घरी एवढा निरोप द्या. आमची सून सकाळपासून उपाशी हाय. ती कॅलेंडर बघत बसंल. तिला म्हणावं, चंद्र आला, जेव. गल्लीत त्या दिव्यामुळं काही दिसत न्हाई, म्हणून मी बघायला आल्तो."

मी रडणारी बाई नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही आधी सगळ्यांचा चहा केला आणि मग रडले. पण तिथे, त्या भरावावर, मी आधी रडले. माझं नाव गेलं, चेहरा गेला, मात्र मी उपाशी आहे हे त्यांच्यात कुठेतरी शिल्लक होतं, आणि ते मला जेवायला सांगण्यासाठी मैलभर अंधारात चालत आले होते. आणि मी सकाळी देवापुढे उभी राहून विचारत होते की चोवीस वर्षांत मला काय मिळालं.

"देते निरोप," मी म्हटलं.

त्यांनी बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढला. लहानपणापासूनची त्यांची सवय ती. खड्याला खिशातला भुगा चिकटलेला होता. "घ्या," म्हणाले. मी चंद्राला हात जोडले आणि तो गूळ तसाच तोंडात टाकला. त्याच्याइतका गोड नैवेद्य मी आजवर खाल्लेला नाही. मग फोन काढून नवऱ्याला सांगितलं, "आबा सापडले. धडधाकट आहेत. जाफराबादला जाऊ नका, शेततळ्यावर या." फोन ठेवताना वेळ बघितली. आठ चौतीस. छापील चंद्र उगवायला अजून दोन मिनिटं होती.

गावात शिरलो ती मिरवणूकच होती. आबा मोटरसायकलवर नवरदेवासारखे मधे बसलेले, पुढे त्यांचा मुलगा, मागे मी त्यांना धरून, आजूबाजूला पोरांच्या गाड्या. गच्च्यांवर ताटं घेऊन बाया उभ्या होत्या. काकू वरून ओरडल्या, "सापडले का गं?" आणि मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "सापडले! चंद्रातच बसले होते!" बाया हसल्या, कोणीतरी मोरया म्हटलं, आणि मग सगळी गल्लीच मोरया म्हणाली. आबांनी दोन्ही हात वर केले, जणू तो गजर त्यांच्याचसाठी होता. होताच तो.

मी चमत्कार झाला असं म्हणत नाही. चंद्र आमच्याकडे रोजच मुंबईच्या आधी उगवतो, हे आबा मला वर्षानुवर्षं सांगत होते. मला एवढंच ठाऊक आहे, की तो छापील वेळेला आला असता तर मी तोपर्यंत माळ उतरून पाठमोरी चाललेली असते. मी भार टाकला आणि पाऊल वळवलं, या दोन्हीच्या मधे तो आला. ज्याला मी न चालणारं काम म्हणत होते ते माझ्या पाठीमागे चालूच होतं, फक्त माझ्या घड्याळाप्रमाणे नव्हतं. आबांचा आजार तसाच आहे. मीही आता तो बरा कर असं मागत नाही. तुझ्या वेळेनं जे देशील ते मला दिसू दे, एवढं म्हणते.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आधी कापसाची गाडी भरून दिली. मग आबांची बाज गच्चीवर नेली, कठड्याच्या आत भिंतीला लावून ठेवली आणि गल्लीतल्या दिव्याच्या बाजूनं जुनं पोतं बांधलं, म्हणजे पूर्वेचं आभाळ दिसेल. खालच्या दाराला कडीच्या जोडीला एक घंटीही लावली. देवावर भार टाकायचा म्हणजे दार उघडं टाकायचं असं नाही. शेवटी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि पहिल्यांदाच उलटून शेवटचं पान वाचलं. बारीक अक्षरात गावोगावच्या चंद्रोदयाचा फरक तिथे छापलेला होता. मी पेन्सिल घेतली आणि पुढच्या संकष्टीच्या चौकोनात आमची वेळ लिहिली.