वांगं चमकत नाही

निघोज्यात गोजाबाईंच्या आठ खोल्या आहेत. जमीन कारखान्यांना गेली, त्या पैशांत बांधलेल्या. भाडेकरू सगळे कंपन्यांतले. कोण कुठे काम करतो हे गोजाबाई विचारत नाहीत. माणूस कुठे खाजवतो ते बघतात. बोटांच्या बेचक्यात खाजवलं तर मशीनवरचा, दिवसभर कूलंटच्या तेलकट पाण्यात हात. पायाच्या बोटांत, तर बारा तास सेफ्टी शूज. पहिल्याला बेसनाने हात धुवून वर खोबरेल. दुसऱ्याला कडुलिंबाचं पाणी, आणि नंतर पाय कोरडे पुसायचे. पाला पाट्यावरच वाटायचा, ज्याची खाज त्यानेच. कुणी मिक्सरचं नाव काढलं की म्हणतात, "मग मिक्सरलाच सांग बरं करायला." पू दिसला की मात्र हात लावत नाहीत, दवाखान्यात पाठवतात.

नवनाथ जालन्याकडचा, सहाव्या खोलीतला. शुक्रवारी तो लांब बाह्यांचा शर्ट घालून दारात उभा राहिला. "मावशी, वांगं खाल्लं. अंगाला खाज सुटली."

वांगं म्हटल्यावर गोजाबाईंनी आमसुलाचं पाणी दिलं, चांगलं चोळून लाव म्हणाल्या. पोराने दोन दिवस चोळलं. रविवारी सकाळी हात बिटासारखे लाल घेऊन परत आला. रडायचा बाकी होता. अकरा वाजता मुलीकडचे खोली बघायला येणार होते, आणि त्याला चहाचा कप धरून दोन मिनिटं स्वस्थ बसता येत नव्हतं. अंगाला रोग आहे म्हणून उठून गेले असते.

गोजाबाईंनी त्याची बाही वर केली, हात उन्हात धरला. बारीक कुसं लखलखली.

"वांगं चमकत न्हाई, बाबा. काय काम करतूस?"

नवनाथने मान खाली घालून खरं सांगितलं. तो भट्ट्यांना काचेची लोकर गुंडाळायचा. मुलगी तळेगावला कंपनीत क्वालिटीत, मालाच्या तपासणीला होती, म्हणून यानेही मध्यस्थाला सांगून टाकलं होतं, मीही क्वालिटीतच.

"आन् मला बी खोटंच ऐकवलंस व्हय! खरं बोलला असतास तर चोळाया लावलं असतं का? काच चोळून भायेर येती का रं?"

त्यांनी त्याच्या हातांवर गार पाणी ओतलं, अंग टिपलं आणि परातीत कणीक घेतली. चिकट हवी, पण हाताला लगदा राहायला नको. तीनदा मोडून मळली. नवनाथ गोळा घेऊन घासायला लागला, तशी हातावर चापट बसली.

"दाब. उचल. घासायचं न्हाई. चपाती करतूस का?"

तो दाबत होता, उचलत होता. गोळा काचेने भरला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. एक हात झाला, मान झाली. आणि साडेदहालाच फाटकात स्कूटर थांबली. राजगुरुनगरचे सोपानराव आणि त्यांची मुलगी अंजली.

"हे काय चाललंय?" सोपानराव म्हणाले.

नवनाथने गोजाबाईंकडे पाहिलं. वांगं खाल्लं म्हणून त्या सांभाळून घेतील की नाही, तोंडावरून कळेना. त्या कणीक मळत राहिल्या.

"काका, मी क्वालिटीत नाही," नवनाथ म्हणाला. "ग्लासवूल गुंडाळतो. शिफ्टला दोन भट्ट्या. खोटं सांगितलं."

सोपानरावांनी स्कूटरची किल्ली मुठीत धरली. मुलीकडे वळले. "चल."

"थांबा हो, दादा," अंजली म्हणाली. "मला पहिल्या फोनलाच कळलं होतं. मापायला गेज कुठलं वापरता विचारलं, तर म्हणाले, चांगल्यातलं."

गोजाबाई इतक्या हसल्या की परात कलंडली.

"मग आलीस कशाला?" सोपानराव म्हणाले.

"स्वतःहून सांगतात का बघायला." तिने नवनाथचा राहिलेला हात लांबूनच नीट पाहिला. "कोपराजवळ सुटलंय तुमचं. तेवढं काढा, मग खोली दाखवा."

सोपानरावांनी किल्ली खिशात टाकली. मग स्कूटर स्टँडवर लावली. नवनाथने नवा गोळा घेतला. दाबला. उचलला.