तुम्हीच होता का?

माझा धाकटा भाऊ जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्याला धमक्या यायच्या थांबल्या नव्हत्या. तुमचं खातं आज बंद होणार. ताबडतोब पासवर्ड टाका, नाहीतर सगळं पुसलं जाईल. मेलेल्या माणसाला आणखी कसली भीती दाखवता रे, असं मी त्या फोनवर ओरडायचे आणि दुकानात गिऱ्हाईक असलं तर ते दचकायचं.

पवनीत आमचं हातमागाच्या कापडाचं लहानसं दुकान आहे. मागच्या खोलीत बाबांचा माग, पुढे कपाटं आणि मी. ईमेलवर बाहेरगावच्या ऑर्डरी घ्यायचं भावानं सुरू केलं. खातं त्याच्या नावाचं, वर फोटोही त्याचाच, पानानं रंगलेल्या दातांचा. वैनगंगेच्या पुलावर ट्रकनं त्याला उडवलं, त्यानंतर तेच खातं मी दुकानाच्या फोनवर चालवत राहिले. गिऱ्हाइकांना तोच पत्ता ठाऊक होता, हे एक. दुसरं म्हणजे त्या खात्यात त्याचे फोटो होते, मागावर बसून गिऱ्हाइकांसाठी काढलेले व्हिडिओ होते. त्याचा आवाज तेवढाच उरला होता. ते सगळं दुसरीकडे उतरवून घे, असं जो तो सांगायचा. पण उतरवायचं तर आधी उघडावं लागतं, आणि ते माझ्याच्यानं होत नव्हतं.

खऱ्या मेलमधून खोटा ओळखायला मला फार दिवस लागले नाहीत. कापड ओळखता येत होतंच. यंत्रमागाचं कापड हातमागाचं म्हणून खपवणारे आमच्याकडे महिन्याला एक तरी येतात. समोरून बघितलं तर दोन्ही सारखंच, उलट खोटंच जास्त चकाकतं. मी बोलणं ऐकतच नाही, सरळ काठ हातात घेते. हातमागावर कापड ताणून धरायला आडवी काठी लावतात, तिच्या टाचण्यांची बारीक भोकं काठाला राहतात. भोकं नसली की चहा पाजून वाटेला लावायचं. मेलचंही तसंच. वर मोठ्या कंपनीचं नाव असतं, ठसा असतो. नावावर बोट ठेवलं की मागचा खरा पत्ता दिसतो आणि तो भलताच असतो, कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं. लिंकवर बोट दाबून धरलं तर ती कुठं नेणार आहे तेही कळतं. शिवाय खोट्याला घाई फार. खरी कंपनी पासवर्ड मागत नाही आणि अंगावर धावून येत नाही.

बाबांना मात्र खऱ्या-खोट्याशी काही देणंघेणं नव्हतं. फोन वाजला की ते मागावरून विचारायचे, "कोनाले आला?" त्याच्या नावानं आलाय म्हटलं की त्यांचे हात थांबायचे. भावाच्या मरणानंतर ते त्याच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. त्याचा माग त्यांनी अर्धवट कापडासकट झाकून ठेवला होता. मग एका दुपारी जेवता जेवता त्यांनी एकदम विषय काढला.

"ते बंद करून टाक. दिवसभर त्याले नावानं हाका मारून राहिले लोकं. असा कसा जाईल तो?"

"बाबा, त्या मशीन आहेत. माणसं नाहीत."

"मंग त मशीन कायले माह्या पोराचं नाव घेते? बंद कर म्हटलं न."

मला राग आला, रडूही आलं. बंद करायचं म्हणजे कंपनीला सांगून खातं पुसून टाकायचं, आवाजासकट. पण बाबांची तब्येत मी बघत होते. रोज चारदा त्यांचे हात असे थांबायचे, आणि थांबले की पुढे घडीभर आडवं सूत नेणारा धोटा चालायचा नाही. वाईट याचं वाटायचं की खोटे मेल तरी 'प्रिय ग्राहक' म्हणून सुरुवात करायचे. त्याचं नाव घेऊन बोलायचे ते खरेच. येत्या शनिवारी बंद करते, असा शब्द मी देऊन बसले.

त्याच आठवड्यात एक मेल आला. तुमच्या खात्यात एका दुसऱ्या फोनवरून कुणीतरी आत आलं आहे, ते तुम्हीच होता का? असा मेल मागेही आला होता आणि तो सपशेल खोटा निघाला होता, म्हणून मी वैतागूनच नावावर बोट ठेवलं. पत्ता बरोबर होता. परत अक्षर अक्षर लावून वाचला, तरी बरोबरच. घाई नव्हती, धमकी नव्हती, पासवर्ड मागितला नव्हता. तरी मी मेलमधल्या कशाला हात लावला नाही. तो बंद केला आणि नेहमीच्या वाटेनं, स्वतः खात्यात शिरून बघितलं. खातं कुठल्या फोनांवर उघडलंय त्याची यादी तिथं असते. एक आमच्या दुकानाचा फोन. त्याच्याखाली दुसरा.

दुसऱ्याचं मॉडेल वाचलं आणि मी स्टुलावर बसले. भावाच्या फोनचं मॉडेल. जुनं, आता कुठं मिळतही नाही. अपघातात त्याच्या खिशात होता तो. मोडला, गेला, असंच मी धरून चालले होते. ठिकाण नुसतं महाराष्ट्र म्हणून दिलं होतं आणि वेळ आत्ताची.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी चारचौघांत ठासून सांगते. त्या दुपारी बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या हॉटेलात भजी तळली जात होती, आणि मला मागच्या खोलीकडे मान वळवून बघायची हिंमत होत नव्हती. बाबांचा माग खटखट चालला होता. की त्याचा? मी कान देऊन ऐकत राहिले. शेवटी उठून बघून आले. बाबाच होते.

मग डोकं ताळ्यावर आलं. फोन चोराच्या हाती लागला असेल, तर तो भावाच्या नावानं आमच्या गिऱ्हाइकांना गंडवणार, आणि खातं हातचं गेलं की आवाजही गेला. खात्यातही कंपनीचा तोच प्रश्न समोर होता. 'नाही' दाबलं की तो दुसरा फोन बाहेर फेकला जाणार. मी बोट टेकवणार तेवढ्यात वाटलं, पासवर्डाशिवाय कुणी आत येत नाही. पासवर्ड त्याला माहीत होता, मला माहीत होता. आणखी एकीलाही.

भावजय दीड वर्षाच्या लेकीला घेऊन मोहाडीला माहेरी गेली ती गेलीच. भांडण काही झालं नव्हतं. पण दोन्हीकडून फोन कमी होत होत बंद पडले होते. तिच्या आवाजानं मला तो आठवायचा आणि माझ्या आवाजानं तिला. मी नंबर लावला.

"तू उघडलं का गं त्याचं खातं?"

ती म्हणाली, "मीच ताई. त्याईचा फोन पोलिसाईनं मलेच देल्ता. फुटला होता, तसाच पेटीत ठेवला. बाजाराच्या दिवशी एका पोराकडून काच बदलून घेतली, पासवर्ड टाकून उघडलं. पोट्टी इचारून राहिली, माह्या बाबाचा आवाज कसा होता म्हणून. मी काय सांगू तिले?" आणि लगेच, घाबरून, "चुकलं काय माह्यं? बंद कराल काय आता?"

शनिवार दोन दिवसांवर होता. मी फोन स्पीकरवर टाकला, मागच्या खोलीत गेले आणि बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मेल खरा आहे, आत आलेली आपली सून आहे, नात त्याचा आवाज ऐकते आहे. बाबांनी मागावरून मान वर केली नाही. पलीकडून भावजयीला वाटलं असेल की आम्हाला खरं वाटत नाहीये, म्हणून तिनं तो व्हिडिओ तिकडेच लावला.

आधी मागाची खटखट. आमच्याच मागाची, मला लगेच कळली. मग तो. गिऱ्हाइकाला काठ समजावून सांगत होता, तोंडात पान असल्यासारखा. मध्येच त्याची लय तुटली आणि तो ओरडला, "ओ बाबा! माहा धोटा कुठं ठेवला तुम्ही?"

"खाली पाह्य ना, पायापाशीच त हाय," बाबा म्हणाले. सवयीनं, जरा खेकसूनच. आणि हात लांब करून त्यांनी झाकून ठेवलेल्या मागाखालून धोटा काढला आणि पुढे धरला.

तो धरलेला हात मी विसरू शकत नाही. घ्यायला कुणी नव्हतं. व्हिडिओ संपला, पलीकडे पोरीनं "अजून" म्हटलं, आणि बाबांनी धोटा हळूच आपल्या मांडीवर ठेवला. मी भिंतीला टेकून रडले. त्यांच्या देखत, पहिल्यांदा.

मग त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. कंपनीचा प्रश्न अजून तसाच होता, खाली दोन बटणं.

"काय म्हनते ते?"

"विचारतात, आत आले ते तुम्हीच होता का म्हणून."

"कोनाले इचारते?"

मी भावाचं नाव घेतलं. या खेपेला त्यांचे हात थांबले नाहीत. मांडीवरच्या धोट्यावरून त्यांची बोटं फिरत राहिली.

"मंग सांग ना त्याईले," बाबा म्हणाले. "हो म्हन. तोच होता."

मी 'हो, मीच' दाबलं.