समाचाराला आलेला पुढारी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे म्युनिकच्या बागेत बसून मटार सोलणं. शेजारच्या बाकावर तो आयरिश म्हातारा असायचा. आम्ही मुलाकडे राहायला आलेलो, तो लेकीकडे. आधी गाईगुरांचा शेतकरी, मग जन्मभर निवडून येणारा पुढारी. हिला बघून रोज टोपी काढायचा.

ही गेली. अख्ख्या इमारतीतलं कुणी समाचाराला आलं नाही. इथं म्हणे न विचारता कुणाकडे जात नाहीत. कसली माणसं! तो एकटा आला. माझा हात दोन्ही हातांत धरून हलवू लागला, मतं मागतात तसा. माझं डोकं फिरलं.

"सूनबाई, सांग याला, इथं माझं मत नाही."

"बाबा, काहीतरीच काय!" म्हणाली, पण सांगितलं.

तो हसला. हात सोडला नाही. तो बोलेल तसं सून मराठीत सांगत गेली.

"ते म्हणतात, गावातलं एक मयत चुकवलं नाही, म्हणून निवडून आलो. बायको गेली तेव्हाही दुसऱ्याच्याच मयताला होतो. घरी आलो तर दारात ही गर्दी. सगळे पुढाऱ्याला भेटायला आलेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला आणि त्याच्या बायकोच्या समाचाराला गेलो.