मुक्तीच्या पायातली बेरिंगं

बैलाचे झिजलेले नाल काढले की मी तिथंच लिंबाच्या बुडाला टाकतो. उचलू उचलू म्हणता ढीग होतो. किश्श्यांचंबी तसंच झालंय. युसूफ वडगावच्या पुढं आमचं गाव. जन्म गेला बैलांना नाल ठोकण्यात, पण माणसं येऊन विचारतात ते मुक्तीच्या चाकांचं.

मुक्ती माझी नात. आई-बाप ऊसतोडीला गेले की ती माझ्याजवळ राहती. एक दिवस शाळेतनं आली अन् म्हणली, "आबा, केजला स्केटिंगची स्पर्धा हाय. मी नाव दिलंय."

"बरं केलं. काय असतंय ते?"

"पायाला चाकं बांधून पळायचं."

"हायेत का तुझ्याकडं?"

"न्हाईत. म्हणून तर तुमाला सांगायले."

*

शेजारी लतीफचं वेल्डिंगचं दुकान. त्याच्या भंगारात पाण्याच्या जळक्या मोटारी पडलेल्या. त्यातनं आमी बेरिंगं काढली. मोडक्या बैलगाडीची फळी घेतली, पट्ट्याला जुनी ट्यूब कापली.

लतीफ म्हणला, "आबा, ब्रेकचं काय?"

म्हणलं, "बैलगाडीला कुठं असतो? आधी पळू तर दे."

*

पहिली जोडी मीच बिघडवली. बैलाचं खूर मधनं फाटलेलं, म्हणून एका पायाला दोन नाल लागतात. हाताला तीच सवय. मी एकेका पायाची फळी उभी चिरून दोन केल्या!

मुक्ती उभी राहिली. एकाच पायाचा अंगठा निघाला अंबाजोगाईकडं अन् करंगळी केजकडं.

लतीफ हसून हसून खाली बसला. मुक्ती धूळ झटकत म्हणली, "आबा, मी बैल न्हाई."

"दिसलं," म्हणलं, "आण इकडं."

दुसरी जोडी अखंड फळीची केली.

*

मातीत चाकं रुतायची. गावात गुळगुळीत रस्ता एकच, सिमेंटचा. अण्णासाहेबांच्या दारापासून उतरत पंचायतीपर्यंत. रस्ता सरकारी, पण गावचे पुढारी म्हणून अण्णासाहेब त्याला 'आमचा रस्ता' म्हणतात. मुक्ती तिथं सराव करायली. लोखंडी बेरिंग सिमेंटवर लई वाजतंय.

अण्णांचा माणूस आला. "अण्णा म्हणतेत, आवाजानं म्हैस पान्हवत न्हाई. उद्यापासून पोरगी रस्त्यावर दिसू नये."

म्हणलं, "लग्नातला डीजे त्याच दारात वाजतो. तवा म्हैस गावाला जाती का?"

निरोप जसाच्या तसा पोचला असावा. संध्याकाळी अण्णा स्वतःच आले.

*

मी एका बैलाला नाल ठोकत होतो. अण्णा म्हणले, "आबा, म्हशीचं सोडा. पोरीच्या जातीनं पायाला चाकं बांधून गावात फिरावं, हे बरं दिसतंय का?"

"पोरीला बरं दिसत न्हाई म्हणता?"

"न्हाई."

"अन् म्हाताऱ्याला?"

अण्णा हसले. "म्हाताऱ्याला कोण आडवतंय?"

"बरं," म्हणलं, अन् हातातला नाल पुरा ठोकला. मला घाई जमत न्हाई.

*

स्पर्धा तोंडावर आलेली. सकाळी अण्णांच्या दारासमोर बसून मी ती चाकं माझ्याच पायाला बांधली. ट्यूबचे पट्टे ताणतील तेवढे ताणतात. मुक्ती म्हणली, "आबा, गुडघे वाकवा." म्हणलं, "ते कवाचेच वाकलेत."

अण्णा फाटकात चहा पीत उभे. मी उठलो अन् चाकं निघाली, थेट अण्णांवर. कप टाकून त्यांनी मला दोन्ही दंडाला धरलं. पण पुढं उतार. मी चाललो, तेबी माझ्यासंगं चालले.

"आबा, थांबा की!"

"मी थांबलोय. चाकं थांबत न्हाईत."

"सोडू का मग?"

"सोडा. मी पडलो तर कुणी सोडलं ते गाव बघतंयच."

अण्णांनी काही सोडलं न्हाई. आधी चालत होते, मग पळाय लागले. बेरिंगांच्या आवाजानं घराघरातनं माणसं बाहेर आली. एक म्हातारी ओट्यावरनं म्हणली, "अण्णा, तुमीबी शिकायलेत का?"

पंचायतीच्या कट्ट्याला धडकून आमी थांबलो. मुक्ती मागनं पळत आली, माझ्या पायातली चाकं सोडली, स्वतःच्या पायाला बांधली अन् भर रस्त्यात उभी राहिली.

अण्णा कट्ट्यावर दम खात बसले होते. त्यांनी मुक्तीकडं बघितलं, मग रस्त्याकडं, मग जमलेल्या गावाकडं. हळूच मला म्हणले, "आबा, ह्याला ब्रेक कुठाय?"

"बसवलाच न्हाई, अण्णा."