दसऱ्याची ट्रायल

मी मुळात घाबरट. पण घाबरले की माझा आवाज चढतो, म्हणून लोकांना तापट वाटते.

पॉलिटेक्निकमधली शिकवायची नोकरी सोडून वर्षभर मी एकच मशीन बनवत होते. पंपाच्या बिडाच्या झाकणाला ठरल्या जागी सहा भोकं पाडणारं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनी राजारामपुरीतल्या फ्लॅटची पुढची खोली मला रिकामी करून दिली आणि स्वतःची कॉट स्वयंपाकघरात नेली. बाकी सगळ्यांचं एकच, नोकरी काय वाईट होती? दसऱ्याला सकाळी शिरोलीचे एक फौंड्रीवाले ट्रायल बघायला येणार होते. ते नको म्हणाले तर मशीन मोडायचं आणि आत्यांना खोली परत द्यायची, हे मी ठरवून टाकलं होतं.

मशीनचं टेबल दोन स्टेपर मोटरी सरकवतात. या मोटरीला डोळे नसतात. मायक्रोकंट्रोलर सांगेल तितकी पावलं ती मुकाट चालते. म्हणून चालू करताना टेबल आधी मागे मागे नेतात. सेन्सरच्या खाचेतला उजेड अडला की ते थांबतं, आणि ती जागा शून्य. शून्य चुकलं की पुढचं सगळं चुकलं. ही भीती मला जेवतानाही सोडत नव्हती.

खंडेनवमीला आत्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. "वायरींना हात लावू नका," मी चारदा बजावलं. पूजेनंतर मशीन बंदच ठेवलं.

दसऱ्याला फौंड्रीवाले आले. बटण दाबलं. टेबल जेमतेम हललं, थांबलं आणि भलत्याच जागेवरून निघालं. स्क्रीनवर आकडे मात्र बरोबर. मी थांबवेपर्यंत ड्रिल झाकण धरणाऱ्या क्लॅम्पवर आदळून मोडलं.

"ताई, हे काय ओ?" फौंड्रीवाले म्हणाले.

मी वाकून पाहिलं. सेन्सरच्या खाचेत झेंडूची पाकळी!

"आत्या! किती वेळा सांगितलं तुम्हाला!" मी पाहुण्यासमोर ओरडले.

आत्या दारात आल्या. पाकळीकडे पाहिलं. "चुकलं गं माझं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाकळी काढली तर तिला कुंकवाचं बोट लागलेलं. तेव्हा आठवलं. आदल्या संध्याकाळी खोलीत कोणी नसताना कुंकू लावून ती सेन्सरवर मीच ठेवली होती, उद्या शून्य चुकू नये म्हणून.

नवीन ड्रिल लावलं, मशीन पुन्हा चालवलं. सहाही भोकं जागच्या जागी पडली. फौंड्रीवाल्यांनी प्रत्येकात बोल्ट घालून बघितला. "चालतंय की! धाडा कारखान्यात," ते म्हणाले. मला आनंद काही होईना. लाज वाटत होती, नुसती लाज.

स्वयंपाकघरात आत्या कॉटवर आपट्याची पानं निवडत बसल्या होत्या.

"आत्या, ती पाकळी मीच..."

"म्हाईत हाय. बघितलं हुतं मी तुला हात जोडताना."

"मग बोलला का नाही?"

"पावण्यासमोर तुझं हसं करू व्हय? चहा झालाय, घिऊन जा."

मी ट्रे उचलला. माझ्या हातात कप इतके वाजायला लागले, की आत्या उठल्या आणि तो ट्रेही त्यांनी स्वतःकडे घेतला.